तिसरी पापणी

१२ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची! नवी नोकरी, नवी खोली आणि नवी वही, तिन्हींचं उद्घाटन आजच उरकून टाकते.

भावाने गाडीने फाटकापर्यंत सोडलं. माझी लेक भिंगरी मागच्या सीटवर तोंड फुगवून बसली होती. शाळेला सुट्टी लागेपर्यंत मामा-मामीकडे राहायचं हे तिने कबूल केलं होतं, पण बदकं तिच्याआधी मी बघणार हे काही तिला पचत नव्हतं. फाटकाशी पोचलो आणि फुगा फुटला. ज्यांच्याकडे नोकरी धरली ते डॉक्टर स्वतः घ्यायला आले होते आणि त्यांच्यामागे पांढऱ्या बदकांची रांग, सहलीला निघालेल्या पोरांसारखी. डॉक्टर थांबले की रांग थांबायची. ते जिभेने टक् टक् करून वळले की सगळी शेपट्या हलवत वळायची. भिंगरी हसून हसून गाडीच्या दारावर आपटली. सुट्टी लागली की मीच येणार, मामाला सांगून ठेव, असं तिने मला चारदा बजावलं.

फाटकापासून घरापर्यंत एक अरुंद वाट आहे. एका बाजूला तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला तळं. पाणी इतकं काठोकाठ की चप्पल घसरली तर थेट आंघोळच. घराच्या तळमजल्यावर प्रयोगशाळा, वर राहायच्या खोल्या. माझ्या खोलीची खिडकी तळ्यावर उघडते. पलंग, टेबल, पाय वाकडा झालेली खुर्ची. आणखी काय हवं?

माणसं मोजकीच. स्वयंपाक आणि झाडलोट बघणाऱ्या मावशी. बदकांचं सगळं करणारे काका. आणि तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत अंडी निवडत बसलेली एक ताई, माझ्यापेक्षा लहान असेल. तिच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. हात न थांबवता तिने मान हलवून माझं स्वागत केलं. तिघंही फार शांत. इस्पितळातल्या कलकलाटानंतर कानाला सुट्टी मिळाल्यासारखं वाटतंय.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज खऱ्या कामाला हात घातला.

वीस वर्षं मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत माणसांच्या आजारांचे काप केले. मग त्यांनी यंत्र आणलं आणि आम्हां तिघींना पुष्पगुच्छ दिले. भिंगरीचे बाबा गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी, त्यामुळे बदकांच्या डोळ्यांवर काम आहे म्हटल्यावर नाक मुरडायचा प्रश्नच नव्हता. आता वाटतंय, आधीच का नाही आले?

बदकाला तीन पापण्या असतात. दोन आपल्यासारख्या, वरची आणि खालची. तिसरी काचेसारखी पारदर्शक, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून आडवी सरकते आणि क्षणात परत जाते. पाण्यात डोकं घातलं की हीच डोळ्याला सांभाळते. तिला ओलावा पुरवणारी ग्रंथी डोळ्याच्या गोळ्यामागे, खोबणीत दडून बसलेली असते. हार्डर नावाच्या माणसाने शोधली म्हणून हार्डर ग्रंथी. वालाच्या दाण्याएवढी, फिकट गुलाबी. ती अलगद सोडवून फॉर्मलिनमध्ये मुरवायची, अल्कोहोलने तिच्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायची आणि यंत्रावर तिचे केसाहून पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्यावर तरंगत पसरतो, तो काचेवर उचलून घ्यायचा. मग रंग.

रंगाचा क्षण मला अजून मोहात पाडतो. शिफचं द्रावण दिसायला साधं पाणी, पण ग्रंथीतल्या साखरयुक्त चिकट स्रावाला ते भेटलं की काचेवर किरमिजी फुलं उमलतात. दुसऱ्या द्रावणाने आंबट जातीचा स्राव निळा होतो. कुठल्या वयाच्या बदकात किती किरमिजी आणि किती निळा, हेच डॉक्टरांना हवंय. त्यांच्या कपाटात लाकडी खाचांचे ट्रे आहेत आणि प्रत्येक खाचेखाली चिठ्ठी: मादी, पिल्लू. मादी, वाढतं. मादी, प्रौढ.

संध्याकाळी त्यांनी माझ्या काचपट्ट्या पाहिल्या. मान हलवली. मग चष्मा पुसत म्हणाले, आमच्या आधीच्या बाईंचा हात चांगला होता, पण तुमच्या हाताला तोड नाही. मी आपली फुशारून जेवायला गेले.

१७ ऑक्टोबर, शनिवार

डोळ्यांनी दगा दिला. वीस वर्षांच्या सूक्ष्मदर्शकाची कृपा, दुसरं काय. दुपारनंतर पापणी मिटली की आत वाळू घासल्यासारखं होतं. मी डोळे चोळतेय हे डॉक्टरांनी पाहिलं आणि कपाटातून एक छोटी तपकिरी बाटली आणली. याच ग्रंथीचा ताजा अर्क, गाळून शुद्ध केलेला. मावशी, काका, ताई, सगळी हाच घालतात म्हणे.

मी जरा कां-कूं केलं. बदकाचं माझ्या डोळ्यात कशाला, असं म्हणाले. त्यावर ते हसले आणि मला आरशापुढे उभं केलं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लालसर घडी दिसते ना, ती आपल्या हरवलेल्या तिसऱ्या पापणीची खूण, म्हणाले. आपल्यालाही होती कधीकाळी. मग बदक आपल्याला परकं कसं?

दोन थेंब घातले. काय सांगू! उन्हातून आल्यावर माठात हात घालावा तसं वाटलं.

२० ऑक्टोबर, मंगळवार

डोळे लख्ख झालेत. दिवसभर काम करून थकत नाहीत. मावशींना मदत म्हणून ढीगभर कांदे चिरले, टिपूस नाही. मावशीही कोरड्याच. डॉक्टर मात्र दारात नुसते डोकावले तरी नाक-डोळे गळायला लागले. तुम्ही का नाही घालत थेंब, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, कुणीतरी जसंच्या तसं राहायला हवं ना, नाहीतर तुलना कशाशी करणार?

शास्त्रज्ञाचं बोलणं. मला हसू आलं.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज एक विचित्र गोष्ट पाहिली. लिहिली की डोक्यातून जाईल म्हणून लिहितेय.

भर दुपारी खिडकीशी आले. तळ्याच्या काठावर काका, मावशी आणि ताई शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसली होती, आणि तिघांचीही तोंडं पाण्यात. आधी वाटलं, काही पडलंय, शोधताहेत. पण कुणी हलत नव्हतं. मावशींचा पदर पाण्यावर पसरला होता. बदकं त्यांच्या खांद्यांना घासून जात होती. मी श्वास धरून पाहत राहिले. माझा श्वास संपला, मी दुसरा घेतला, तोही संपला, आणि तरी ती तशीच. मी धडधडत जिना उतरले. काठावर पोचेपर्यंत तिघं उठून कपडे झटकत होती.

मावशींना विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, कुठे काय, तोंड धुतलं.

चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. डोळे उघडे होते. त्यांच्या डोळ्यांवरून काहीतरी आडवं सरकलं, आतल्या कोपऱ्यातून बाहेर आणि परत. उन्हाची तिरीप असेल. उन्हाचीच असेल.

२५ ऑक्टोबर, रविवार

घरात मोबाइलला रेंज नाही, ती फक्त फाटकाशी मिळते. म्हणून डॉक्टरांच्या खोलीतल्या फोनवरून भिंगरीशी बोलले. तिने काकांचं नाव बदककाका ठेवलंय. वर्गात तिच्या मैत्रिणीने तिच्याशी कट्टी केली, ते सांगता सांगता ती रडायला लागली आणि माझाही गळा दाटून आला. गळा दाटला, छाती भरून आली, ओठ थरथरले. डोळे मात्र ठणठणीत कोरडे.

फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी चौकशी केली. अकरा पूर्ण का? वयात आली का? मी चमकले, पण डॉक्टर माणूस, असलं विचारायचेच. नाही अजून, म्हणाले. ते म्हणाले, छान, छान. जरूर बोलवा तिला.

खोलीत येऊन रडायचा प्रयत्न केला. मुद्दाम. हे गेले तो दिवस आठवला. कण्हल्यासारखा आवाज आला घशातून, डोळ्यांत काही नाही. मग कडेला काहीतरी जाड, चिकट जमलं. बोटावर घेतलं तर तार निघाली.

२८ ऑक्टोबर, बुधवार

थेंब बंद केलेत. परवापासून.

पण आज मी टेबलाशी काप उचलत होते. बाहेर डॉक्टर बदकांना आत घेत होते, टक् टक्. मी उभी राहिले. नुसती उभी नाही, दारापर्यंत चालत गेले. हातात ओली काच होती. अंगणात येऊन थांबले तेव्हा माझ्यापुढे ताई उभी होती, तिच्यापुढे मावशी, त्यांच्यापुढे काका. रांगेत. डॉक्टरांनी वळून पाहिलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. माझी काचपट्टी पाहून हलवली होती, अगदी तशीच.

हातातली काच फुटली होती. कधी, ते कळलं नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

मी आज जे पाहिलं ते नीट लिहिते. नीट पाहणं आणि नीट लिहिणं हेच माझं काम आहे. डोळ्यांबद्दल माझी खात्री राहिलेली नाही, काचेबद्दल आहे.

रंगाची बाटली शोधताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक वेगळा ट्रे सापडला. त्यात काही काचपट्ट्या. चिठ्ठी तीच, मादी, प्रौढ. हात ओळखीचा नाही, बरा होता. आधीच्या बाईंचा असावा म्हणून कौतुकाने एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

सुरेख ग्रंथी. किरमिजी भरगच्च, खंडोखंडी. पण मोठी, बदकाच्या मानाने फारच मोठी. काच सरकवत कडेला गेले. कडेला पापणीची कातडी होती. तिच्यात घामाच्या ग्रंथी होत्या, वेटोळी घातलेल्या.

पक्ष्याला घाम येत नाही. पक्ष्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतातच.

आणखी सरकवली. केसाचं मूळ. पापणीचा केस. बदकाला केस नसतो.

वीस वर्षं मी माणसाची कातडी पाहिली आहे. झोपेतही ओळखीन. ही माणसाची पापणी होती आणि तिच्यामागे ती ग्रंथी वाढली होती, जी माणसाला नसते.

३१ ऑक्टोबर, शनिवार

ताईकडे गेले. तिच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं, आधीच्या बाई कुठे गेल्या?

ती अंडं उजेडात धरून पाहत होती. म्हणाली, मीच.

ती अंडं फिरवत राहिली. मग म्हणाली, काचपट्टी पाहिलीस ना माझी? रंग कसा आला होता गं? काप डॉक्टरांनी स्वतःच केले, मला दाखवलीच नाही.

मी म्हणाले, तुझा डोळा काढला त्यांनी. तुला कळतंय का? चल, आत्ता चल माझ्याबरोबर.

तिने अंडं टोपलीत ठेवलं, दुसरं घेतलं. म्हणाली, आधी मीही खूप आरडाओरडा केला. जातं ते. दुसऱ्या डोळ्यातली तयार झाली की तोही देणार आहे. तुझी अजून कोवळी असेल, थोडे दिवस लागतील.

तिचा उरलेला डोळा माझ्याकडे वळला. जवळून पाहिलं. उन्हाची तिरीप नव्हती ती. पातळ, ओलसर पडदा आडवा गेला, परत आला.

आता माझ्या डोळ्यात खुपतंय. आतून. मागून. वालाच्या दाण्याएवढं.

२ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पिशवी भरून निघाले. कुणी अडवलं नाही. मावशी अंगणात झाडत होत्या, त्यांनी मला वाट करून दिली. आता कळतंय का अडवलं नाही.

वाट तळ्याच्या कडेने जाते. मी समोर बघत चालले. पाण्यावर ऊन पडलं होतं. एकदाच नजर गेली.

पुढचं आठवतं ते असं: मी पाण्याच्या आत पाहत होते. हिरवा उजेड. मुळं, बुडबुडे, बदकांचे केशरी पाय, एकेक रेष स्वच्छ. कुठेही डोळा झोंबत नाही. छाती दुखत नाही. कसलीच आठवण नाही, भिंगरीचीही नाही. तिची आठवण नव्हती, हे नंतर कळलं तेव्हा मी काठावर पालथी पडून ओकत होते. सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला होता. काकांनी काखेत हात घालून उठवलं, पिशवी उचलली, घरी आणलं. रागावले नाहीत. बदक चुकून कुंपणाकडे गेलं की त्याला आणतात तसं.

संध्याकाळी परत प्रयत्न केला. परत तेच. कुंपण ओलांडता येत नाही, तारेला काटे आहेत आणि पलीकडे खोल चर. वाट एकच. वाटेला पाणी.

४ नोव्हेंबर, बुधवार

तो ट्रे परत पाहिला. डॉक्टर बदकांकडे होते. मला फक्त एवढं बघायचं होतं की माझी जागा कुठली.

माझ्यासाठी खाचच नव्हती. प्रौढ मादीची खाच ताईच्या पट्ट्यांनी भरलीय. मला कदाचित ते जपून ठेवणार आहेत, माझ्या कामाच्या हातासाठी. ताईच्या खाचेशेजारी एक रिकामी खाच. नवी चिठ्ठी. शाई नवी.

मादी, पिल्लू.

बदकांची पिल्लं वरच्या ट्रेमध्ये आहेत. सगळ्या खाचा भरलेल्या. मीच भरल्यात. हा ट्रे माणसांचा.

शाळेला सुट्टी लागतेय, भिंगरी शनिवारी येणार.

डॉक्टरांच्या खोलीत घुसले, भावाला फोन लावला. म्हणाले, तिला आणू नकोस. काही झालं तरी आणू नकोस. तो घाबरला, अगं झालं काय म्हणत राहिला. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या खांद्यावरून हात आला. डॉक्टरांनी रिसीव्हर अलगद काढून घेतला. किती गोड बोलले! तुमच्या ताई फार काम करतात, झोप नाही, लेकीच्या आठवणीने हळव्या झाल्यात. तुम्ही या. पोरीला बघितलं की बऱ्या होतील. शनिवारी सकाळी? उत्तम.

मी ओरडले. मावशींनी माझं तोंड धरलं होतं. हळुवार, बाळाचं पुसावं तसं.

फोनची तार काढून टाकलीय.

डॉक्टर जाताना म्हणाले, तुम्ही आई आहात, वाईट वाटणारच. पण विचार करा, लहान वयात ही ग्रंथी कशी रुजते हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. कुणीच नाही.

त्यांचे डोळे भरून आले होते. खरे अश्रू. फक्त त्यांनाच येतात इथे.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आरसा.

खालची पापणी ओढून धरली. कोपऱ्यातली लाल घडी आता घडी नाही. कड सुटलीय. पाहता पाहता सरकली, बुबुळावरून, मी मिटली नसताना. खोली क्षणभर दुधाळ झाली आणि परत लख्ख.

सकाळी टेबलावरची सुरी घेतली होती. कापून टाकायची म्हणून. हात चांगला आहे माझा. पण टोक जवळ आलं की ती आपोआप मिटते. माझ्या हातापेक्षा तिचा वेग जास्त. आणि कापली तरी मूळ मागे आहे, खोबणीत —

मी रडत नाही. कुणाला वाटेल हिला काहीच वाटत नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

भिंगरीचं खरं नाव आठवायला वेळ लागला. आठवलं. पाटीवर गिरवतात तसं कागदावर गिरवून ठेवलं.

दुपारी मी रांगेत होते. कधी गेले माहीत नाही. केस ओले.

विचार कर. ओले असोत, कोरडे असोत, विचार कर.

तिला फाटकातच थांबवायचं. आत पाऊल पडता कामा नये. मला फाटकापर्यंत जायला हवं. पाणी दिसलं की संपलं. म्हणजे पाणी दिसायला नको. डोळे मिटायला गेले की नुसती ही नवी पापणी मिटते आणि तिच्यातून दिसतं — काळं कापड हवं. साडीचा जाड काठ. दोन घड्या, तीन. गाठ मागे. तारेला धरत जायचं. काटे लागतील. लागू देत, काटे बरे. काटे लागले की मी मी असते.

आणि तिला सांगायचं काय? आई समोर दिसल्यावर ती थांबणार नाही. जा म्हटलं तर हट्टाने येईल, गळ्यात पडेल. तिला ओळखते मी.

ती माझ्यापासून पळाली पाहिजे.

७ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

गाडीचा हॉर्न. आली. कापड बांधते.

शनिवार, नंतर

लिहून घेते. दार आतून लावलंय. पलंग सरकवलाय.

गेले. तारेला धरून. दोन्ही तळवे फाटलेत, म्हणून हे अक्षर असं. पाणी बोलत होतं शेजारी, चुबुक चुबुक. एकदा पाय ओला झाला, गुडघे आपोआप वाकले. मी तार घट्ट आवळली. तिचं नाव घेत राहिले. मोठ्याने. मागून डॉक्टर हाका मारत होते, धावत नव्हते. त्यांना वाटलं मी पडेन.

फाटकाची कडी हाताला लागली. भिंगरीचा आवाज — आई, हे काय बांधलंयस? आंधळी कोशिंबीर?

हसत होती. पैंजण नाहीत तिच्या पायात, पण पावलं ओळखू येतात. धावत आली. मी कापड काढलं. तिला धरलं दोन्ही खांद्यांना, रक्ताच्या हातांनी. तोंड जवळ नेलं. डोळे सताड उघडले आणि सरकू दिली. एकदा. परत. परत.

तिचा चेहरा —

नाही लिहवत. लिहायलाच हवं. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. ओठ पांढरे झाले. मी म्हणाले, मी तुझी आई नाही. तुझ्या आईला मी खाल्लं. घोगरा काढला आवाज. तिची लहान असताना झोप उडायची ना, तसल्या गोष्टीतला. ती किंचाळली. माझ्या हातातून सुटताना तिच्या फ्रॉकची बाही फाटली. मामा, मामा करत गाडीत. भाऊ उतरला होता, माझ्याकडे येत होता. त्याने माझे डोळे पाहिले आणि जागीच थिजला. मी म्हणाले, लागण होते, जा. तिच्यासाठी जा. परत येऊ नकोस. तो रडत होता. गाडी वळवली.

काचेला तिचे हात होते. माझ्याकडे बघत नव्हती. तोंड झाकलं होतं.

गेली. मी बरोबर गेले नाही, पुढे कुठेही पाणी दिसलं असतं की मी तिची राहिले नसते. धूळ बसेपर्यंत मी उभी होते. गेली ना. नक्की गेली.

काकांनी मला परत घरी आणलं. डॉक्टर चष्मा पुसत होते. मग म्हणाले, आता तुमचीच घ्यावी लागेल. लवकर. थोडी कोवळी आहे, पण चालेल.

जिन्यावर पावलं आहेत. सगळ्यांची. एका लयीत.

दाराची कडी हलतेय. पलंग थोडा — सरकला.

भिंगरी. हे कुणी तुला दिलं तर. तू मोठी झाल्यावर. तुला वाटेल आईने ओळखलं नाही. ओळखलं गं. तुझ्या केसांत निळी रिबीन होती, एक वेणी सुटलेली. मला ती बांधायची होती. मला रडायचं होतं, येत नाही म्हणून, नाहीतर मी — तू पळालीस ते फार बरं केलंस. कधी वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझीच आई होते. पूर्ण. त्या वेळी पूर्ण मीच होते. ते सगळं मी मुद्दाम